वाचकांचे प्रश्न : चौसष्ट घरांतील दाण्यांची संख्या

गेल्या अंकात बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट थोडक्यात दिली होती. राजाने बक्षीस मागायला सांगितले, तेव्हा मागणाऱ्याने पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी घरागणिक दुप्पट करत चौसष्ट घरे भरून द्यावीत, एवढेच मागितले. त्या सर्व दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. विदर्भातील गावांतून या संख्येविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सातवीच्या वर्गात मी ही गोष्ट ज्वारीच्या दाण्यांवर सांगितली. फळ्यावर संख्या लिहिल्यावर एका मुलीने विचारले, की ही मूळ संख्या आहे की संयुक्त? शेवटी ५ आहे म्हणून संयुक्त, एवढे सांगता आले. परंतु तिचे सगळे मूळ अवयव हाताने काढता येतील का? एवढ्या मोठ्या संख्येला संगणकाशिवाय हात घालावा का?
– जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : जरूर घालावा, आणि तोही वर्गातच. एखाद्या पावतीवरून किंवा यादीतून सहज उचललेली वीस अंकी संख्या असती, तर तिचे अवयव कागदावर काढण्याचा सल्ला आम्ही दिला नसता. ही संख्या मात्र कशी घडली हे आपल्याला ठाऊक आहे. ती केवळ दुप्पट करण्यातून आली आहे, आणि तिचे जवळजवळ सगळे गुणधर्म त्या जन्मातूनच निघतात.

प्रथम बेरीज पाहू. पहिल्या घरात एक दाणा आहे. त्यात बाहेरचा एक दाणा टाकला की दोन होतात, म्हणजे दुसऱ्या घराइतके. त्यांत दुसऱ्या घरातले दोन मिळवले की चार होतात, म्हणजे तिसऱ्या घराइतके. असे चौसष्टाव्या घरापर्यंत गेलो, तर पासष्टावे घर असते आणि त्यात जेवढे दाणे आले असते तेवढे हाती येतात; हा २ चा ६४ वा घात होय. बाहेरून टाकलेला एक दाणा परत काढला की आपली बेरीज उरते. म्हणून आपली संख्या म्हणजे २ च्या ६४ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी संख्या आहे.

आता दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र आठवावे : अ चा वर्ग वजा १ म्हणजे (अ – १) आणि (अ + १) यांचा गुणाकार. २ चा ६४ वा घात हा २ च्या ३२ व्या घाताचा वर्ग आहे, म्हणून आपल्या संख्येचे दोन तुकडे पडतात : २ चा ३२ वा घात वजा १, आणि २ चा ३२ वा घात अधिक १. यांतील पहिला तुकडा पुन्हा त्याच सूत्राने फुटतो, कारण ३२ ची निम्मे १६, त्याची निम्मे ८, आणि असेच १ पर्यंत जाता येते. शेवटी उरतात ते सहा गुणक असे : ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. गुणाकार पायरी पायरीने करून पाहण्यात मुलांना फार आनंद मिळतो : ३ × ५ = १५, १५ × १७ = २५५, २५५ × २५७ = ६५५३५, ६५५३५ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. प्रत्येक उत्तर २ च्या कोणत्या तरी घाताहून नेमके एकाने कमी आहे, हे त्यांना स्वतःहून दिसू द्यावे.

सहापैकी पहिले पाच गुणक मूळ संख्या आहेत. सहावा मात्र संयुक्त आहे : ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. अशा रीतीने आपल्या संख्येचे ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७ हे सात मूळ अवयव झाले, आणि प्रत्येक एकदाच आला. एखाद्या विभाजकात यांतील प्रत्येक अवयव एक तर असतो किंवा नसतो, म्हणून १ आणि ती संख्या स्वतः धरून तिचे विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ होतात. अंकांची बेरीज ८७ येते. तिला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही, त्यामुळे ३ हा अवयव एकदाच का आहे याची पडताळणी सातवीतल्या मुलांनाही करता येईल.

एक सूचना. वर्गात आरंभ चौसष्ट घरांपासून न करता पटाच्या पहिल्या ओळीतील आठ घरांपासून करावा. तेथे बेरीज २५५ येते आणि तिचे अवयव ३, ५, १७ मुले तोंडी सांगतात. मग दोन ओळी, मग चार.

प्रश्न : माझ्या मुलाच्या एका पुस्तकात ही संख्या …५५१६१५ अशी संपते, तर दुसऱ्या एका पुस्तिकेत …५५६११५ अशी. आधीचे चौदा अंक दोन्हीकडे सारखेच आहेत. संपूर्ण घात न काढता, यांतील खरी कोणती हे कसे ठरवावे?
– एक कास्तकार वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : आपण दोन पुस्तके शेजारी ठेवून आकडे ताडून पाहिलेत, ही सवय मोलाची आहे. पहिली संख्या बरोबर आहे, आणि ते ठरवण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत.

जुन्या जमाखर्चात बेरीज तपासण्यासाठी नऊ टाकून पाहण्याची रीत सर्वांना माहीत असते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. २ च्या घातांना ९ ने भागले तर बाक्या क्रमाने २, ४, ८, ७, ५, १ येतात आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. चक्र सहाचे असल्याने ६४ व्या घाताची बाकी चौथ्यासारखी, म्हणजे ७ येईल, आणि १ वजा करून ६ राहील. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७, त्यांची १५, त्यांची ६; म्हणजे मेळ बसतो. परंतु दुसऱ्या पुस्तिकेतील संख्येचाही मेळ असाच बसतो, कारण तेथे एवढेच घडले आहे, की शेजारच्या १ आणि ६ या अंकांची अदलाबदल झाली आहे. अंकांची जागा बदलल्याने बेरीज बदलत नाही. म्हणून नक्कल करताना नेहमी होणारी ही चूक नऊच्या कसोटीला कधीच सापडत नाही.

तिला पकडते ती अकराची कसोटी. २ चा ५ वा घात ३२ आहे आणि तो ३३ हून एकाने कमी आहे, म्हणून १० व्या घाताची ११ ने भागल्यावर बाकी १ येते, ६० व्याचीही १ येते, ६४ व्याची बाकी १६ ची जी बाकी तीच, म्हणजे ५ येते. त्यातून १ वजा केल्यावर ४. आता उजवीकडून एक सोडून एक अंक घेऊन दोन बेरजा करा. पुस्तकातील संख्येसाठी त्या ६२ आणि २५ येतात. फरक ३७, आणि ३७ ला ११ ने भागल्यास बाकी ४. मेळ बसला. पुस्तिकेतील संख्येसाठी बेरजा ५७ आणि ३० होतात. फरक २७, बाकी ५. ती चुकीची ठरली. शेजारचे दोन वेगवेगळे अंक उलटे पडले, तर हा फरक त्या अंकांच्या अंतराच्या दुपटीने बदलतो, आणि ते अंतर ९ हून अधिक नसल्याने त्याच्या दुपटीला ११ ने कधीच निःशेष भाग जात नाही. त्यामुळे चूक संख्येत कोठेही असली तरी अकराची कसोटी ती उघड करते.

आपल्या बाबतीत चूक शेवटच्या अंकांत असल्याने आणखी जवळची वाट आहे. संख्येत १ मिळवल्यावर २ चा घात मिळायला हवा, आणि त्याला ८ ने भाग जायलाच हवा. ६१६ ला ८ ने भाग जातो. ११६ ला जात नाही.

याच निमित्ताने एक गोष्ट नोंदवतो. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अल् बिरुनी या मध्य आशियातील विद्वानांनी ही संपूर्ण संख्या अंक न अंक बरोबर लिहून ठेवली आहे. कोणालाही ती काढायची असल्यास चौसष्ट वेळा दुप्पट करण्याची आवश्यकता नाही. २ पासून सुरुवात करून सहा वेळा वर्ग करावा : ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि याचा वर्ग. ११५० मधील ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत; आपली संख्या त्या नामावलीच्याही पलीकडे दोन स्थाने जाते आणि १८४ परार्धांहून थोडी अधिक भरते.

प्रश्न : २ चा ३२ वा घात अधिक १ ही मूळ संख्या आहे असे फ्रेंच गणितज्ञ फर्मा मानत होते आणि स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी ६४१ हा अवयव दाखवून ते खोडून काढले, असे मी वाचले. पण ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. ऑयलर यांनी आधीच्या ११५ संख्यांनी भागून पाहिले का?
– बी.एस्सी.चा एक विद्यार्थी, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : तसे करण्याची गरजच पडत नाही, आणि ती का पडत नाही हे समजून घेणे हाच या संख्येच्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग आहे, असे आम्हांला मनापासून वाटते.

पिअर द फर्मा यांनी १६४० च्या सुमारास पत्रांतून असे मत मांडले, की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या क्रमातील पुढच्या सर्व संख्याही मूळ असाव्यात. लिओनार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले, की लगेच पुढचीच संख्या, म्हणजे ४२९४९६७२९७, संयुक्त आहे.

समजा, एखाद्या मूळ संख्येने २ च्या ३२ व्या घात अधिक १ ला निःशेष भाग जातो. याचा अर्थ असा, की त्या संख्येने भागल्यावर ३२ व्या घाताची बाकी ‘उणे १’ (म्हणजे भाजकाहून एकाने कमी) येते, आणि त्याचा वर्ग केल्यावर ६४ व्या घाताची बाकी १ येते. २ च्या घातांच्या बाक्या एका चक्रात फिरत असतात. हे चक्र ६४ पायऱ्यांनी १ वर परत येते, पण ३२ पायऱ्यांनी ते ‘उणे १’ वर असते, म्हणून चक्राची लांबी ६४ ला भागणारी असून ३२ किंवा त्याहून लहान असू शकत नाही. ती नेमकी ६४ आहे. आता फर्मा यांचाच छोटा सिद्धांत सांगतो, की कोणत्याही विषम मूळ संख्येहून एकाने कमी इतका घात घेतला, की २ च्या घाताची बाकी १ येते. म्हणजे त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ६४ च्या पटीत संख्या मिळायलाच हवी.

आता यादी करून पाहा. ६४ च्या पटींत १ मिळवल्यावर ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ या संख्या येतात. त्यांतील मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. एकशे सोळा भागाकारांच्या जागी पाच भागाकार पुरतात, आणि पाचवाच निःशेष जातो. या नियमाची सिद्धता ऑयलर यांनी पुढे स्वतंत्रपणे दिली.

६४१ एकदा हाती लागल्यावर तो लांबलचक भागाकारही न करता पडताळता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. पहिल्या मांडणीवरून, ५ गुणिले २ चा ७ वा घात याची ६४१ ने भागल्यावर बाकी ‘उणे १’ येते. दोन्हींचा चौथा घात घेतला, तर ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. दुसऱ्या मांडणीवरून, ५ च्या ४ थ्या घाताची बाकी ‘उणे १६’, म्हणजे उणे २ चा ४ था घात इतकी आहे. ती त्या जागी ठेवली, की उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १ येते. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ याची बाकी शून्य. दहा अंकी संख्येविषयीचा निकाल चार ओळींत मिळाला, आणि त्यासाठी ती संख्या एकदाही पूर्ण लिहावी लागली नाही.

राहिला प्रश्न ६७००४१७ चा. तिचे वर्गमूळ २५८९ हून कमी आहे, आणि तिचे मूळ अवयवही त्याच रूपाचे असणार. १९३ ते ५७७ या चार संख्या वर तपासून झाल्याच आहेत, म्हणून ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३ या सातच संख्यांनी भागून पाहावे. एकानेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ आहे. ६५५३७ साठी हाच विचार केला, तर ३२ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या ९७ आणि १९३ या दोनच संख्या तपासाव्या लागतात.

फर्मा यांचे अनुमान फसले तरी त्या पाच मूळ संख्या वाया गेल्या नाहीत. १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कार्ल फ्रिडरिश गाउस यांनी दाखवले, की पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. पुढे हे स्पष्ट झाले, की बाजूंची संख्या विषम असेल, तर ती या प्रकारच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली तरच अशी रचना शक्य होते. आज ज्ञात असलेल्या अशा मूळ संख्या पाचच आहेत. त्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५ होतो, आणि तो म्हणजे पटाच्या बरोबर अर्ध्या भागातील, बत्तीस घरांतील दाण्यांची बेरीज.

प्रश्न : आमच्या झाडीपट्टीत ही गोष्ट धानाच्या दाण्यांवर सांगतात. त्याने काही फरक पडतो का? एकूण वजन किती होईल?
– एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : संख्येत काही फरक पडत नाही, वजनात पडतो. ज्वारीचे हजार दाणे ३० ग्रॅम धरले, तर सर्व घरांतील ज्वारी सुमारे ५५ हजार कोटी टन होते. साऱ्या जगात एका वर्षात पिकणारे सर्व प्रकारचे तृणधान्य सुमारे २८० कोटी टन असते. त्या हिशेबाने हे जवळजवळ दोनशे वर्षांचे पीक झाले. धानाचा दाणा साधारणतः ज्वारीहून हलका असतो, त्यामुळे तेथे आकडा काहीसा कमी येईल. यातील निम्मे धान्य एकट्या शेवटच्या घरात असते. त्या घरात आधीच्या त्रेसष्ट घरांच्या बेरजेहून एक दाणा अधिक आहे.

प्रश्न : चौसष्ट घरे पूर्ण न करता मध्येच थांबलो, तर बेरीज मूळ संख्या होऊ शकते का? आणि आपल्या संख्येच्या पुढची विषम संख्या, म्हणजे तीत २ मिळवून येणारी, मूळ आहे का?
– एक वाचक, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, परंतु अशी घरे थोडी आहेत. घराचा क्रमांक संयुक्त असेल, तर बेरीजही संयुक्त असते; सहाव्या घरापर्यंतच्या ६३ ला दुसऱ्या घरापर्यंतच्या ३ ने आणि तिसऱ्या घरापर्यंतच्या ७ ने भाग जातोच. म्हणून क्रमांक मूळ असणे आवश्यक आहे. मात्र तेवढ्याने भागत नाही : अकराव्या घरापर्यंतची बेरीज २०४७ आहे, आणि ती २३ × ८९ आहे. साऱ्या पटावर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१ या नऊ घरांशी थांबल्यासच बेरीज मूळ येते. एकतिसाव्या घराची २१४७४८३६४७ ही बेरीज मूळ असल्याचे ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवले. एकसष्टाव्या घराचे घबाड मात्र दीर्घकाळ दडून राहिले. फ्रान्समधील मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा क्रमांकांची जी यादी दिली, तीत ६१ नव्हता. १८८३ मध्ये इवान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूंनी २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१ ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले.

या नऊ घरांचा आणखी एक गुण सांगायलाच हवा. तेथपर्यंतच्या बेरजेला त्याच घरातील दाण्यांनी गुणले, तर परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या. तिसऱ्या घराशी ७ × ४ = २८, आणि १ + २ + ४ + ७ + १४ = २८. पाचव्या घराशी ३१ × १६ = ४९६. ही रीत युक्लिड यांच्या काळापासून माहीत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. २ चा ६४ वा घात अधिक १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, ही फर्मा यांच्या क्रमातील पुढची संख्या. ती आपल्या संख्येहून अवघ्या दोनने मोठी असूनही तिला वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लागू पडत नाही, आणि त्यामुळे तिने गणितज्ञांकडून अतिशय कष्ट करून घेतले. फोर्तुने लांद्री यांनी १८८० मध्ये, ऐंशी वर्षांचे वय उलटल्यावर, तिचे अवयव प्रसिद्ध केले : २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. अवयव शोधणे कठीण असले, तरी लहान अवयव खरा आहे की नाही हे आपल्याला अर्ध्या पानात पाहता येईल. २ च्या ३२ व्या घाताला, म्हणजे ४२९४९६७२९६ ला, २७४१७७ ने भागावे. भागाकार १५६६४ आणि बाकी २५८७६८ येते. ही बाकी २७४१७७ हून १५४०९ ने कमी आहे, म्हणून तिच्या जागी ‘उणे १५४०९’ घेता येते. तिचा वर्ग २३७४३७२८१ म्हणजे ६४ व्या घाताच्या जागी घेण्याची संख्या झाली. तीत १ मिळवले की २३७४३७२८२ होतात, आणि ही संख्या बरोबर २७४१७७ × ८६६ आहे.